गुळगुळीत मूळ

मोजणीची सळई हिरडीत उतरली आणि उतरतच गेली. ताईला ती मध्येच अडावी असं फार वाटत होतं, पण सळई डॉक्टरच्या इच्छेने अडत नसते. तळ लागला की थांबते. समोरच्या वरच्या दोन दातांपैकी डाव्या दाताशी ती सात मिलिमीटरवर थांबली. तीन आला असता तर ताईने टाळी वाजवली असती, पाचावर समाधान मानलं असतं. सात म्हणजे गाडं होतं तिथेच रुतलेलं. सळई बाहेर काढताच मागोमाग रक्त आलं आणि रक्तामागून पिवळा पू.

खुर्चीत आ वासून पडलेला माणूस तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. बाहेर लोक त्याला ट्रम्पेटवाला म्हणायचे. घरात तो पिपाणी होता, कारण धड बोलायला यायच्या आधीपासून हाताला लागेल त्या नळीत तो फुंकर मारायचा. बहीण हिरड्यांची डॉक्टर आणि भावाच्याच हिरड्या सडलेल्या, याला दिव्याखाली अंधार नाही तर काय म्हणायचं! ताईला हे कोणी तोंडावर बोललं नव्हतं. ती स्वतःच स्वतःला रोज ऐकवत होती.

"सिगारेट पुन्हा सुरू केलीस?" तिने विचारलं.

तोंडात आरसा असताना माणूस बोलणार काय? पिपाणीने फक्त डोळे मोठे केले. तिने आरसा काढला.

"नाही गं ताई. सोडली म्हणजे सोडली. आईची शपथ."

"शपथा मी इथे दिवसभर ऐकते. रात्री न चुकता दात घासतो म्हणून शपथ घेतात, आणि तोंड उघडलं की दुपारचं जेवण दिसतं."

"मी पेशंट आहे की भाऊ आहे?"

"पू येतोय तोवर पेशंटच आहेस. चूळ भर."

त्याने चूळ भरली. पाणी लाल झालं. दोघांनीही ते पाहिलं.

ट्रम्पेट वाजतो ओठांवर, पण ओठ टेकतात ते दातांवर. वरच्या पट्टीतले सूर काढायचे तर वाद्याचं तोंड ओठावर दाबून धरावं लागतं, आणि तो सगळा भार पडतो समोरच्या दोन दातांवर. ते हलायला लागले की सूरही हलतो. कित्येक वर्षं वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत बसल्यावर या हंगामात कुठे पिपाणीला पहिली खुर्ची मिळाली होती. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर दात निघाले. सुरुवातीला वाद्यवृंदाचे मास्तर काही बोलले नाहीत. मग एकदा तालीम संपल्यावर ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "वरचे सूर झेपत नसतील तर सांग. मागे बसवतो तुला, त्यात लाजायचं काय?" मागे म्हणजे आधी मागे आणि मग बाहेर, हे तिथल्या खुर्च्यांनासुद्धा ठाऊक होतं. पिपाणीला दुसरं काही येत नव्हतं. शाळेत तो जेमतेम पास व्हायचा, दुकानात बसवला तर गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसायचा. त्याच्या हातात जे काही होतं ते तोंडातच होतं.

हा रोग मोठा लबाड. दुखत नाही, म्हणून माणूस निजलेला राहतो. हिरडी आणि दाताचं मूळ यांच्यामध्ये फट पडते. डॉक्टर लोक तिला खिसा म्हणतात. त्या खिशात मुळावर कीटण धरतं, धरता धरता दगडासारखं घट्ट होतं, आणि त्याच्या धाकाने हाड मागे मागे सरतं. उपाय एकच. खिशात बारीक हत्यार उतरवायचं आणि मूळ खरवडून काढायचं, अगदी गुळगुळीत होईपर्यंत. गंमत अशी, की हे सगळं आंधळेपणाने करायचं. हिरडीच्या आत डोळा पोचत नाही. हत्याराच्या टोकाला जे लागतं ते दांड्यातून बोटात येतं, आणि बोट सांगतं की इथे खडबडीत आहे, इथे साफ आहे. ताईचं बोट नावाजलेलं होतं. दुसऱ्यांनी हात टेकलेले दात लोक तिच्याकडे घेऊन येत.

भावाचं काम तिने चार महिन्यांपूर्वी केलं होतं. त्या दुपारी दुसऱ्या कोणाला वेळच दिली नाही. मशीन लावलं नाही, कारण त्याची ती किरकिर पिपाणीच्या कानाला सोसत नाही म्हणे. भूल दिली आणि आपलं सगळ्यात लाडकं हत्यार काढलं. वर्षानुवर्षं दगडावर धार लावून लावून त्याचं पातं गवताच्या पात्याएवढं बारीक झालेलं. पिपाणी त्याला खुरपं म्हणायचा. "ताई, तण काढ, पण रोप ठेव," असं म्हणून तो खुर्चीत आडवा झाला होता. ते खुरपं अरुंद खिशात अल्लाद उतरायचं, हिरडीला ओरखडासुद्धा यायचा नाही. भावाची हिरडी फाटू नये, आकसू नये, दातांमध्ये फट पडून वारा निसटू नये म्हणून तिने दुसरं काही वापरलंच नाही. तासन्‌तास ती खरवडत बसली. आधी बोटाला खरखर लागत होती. मग कमी झाली. मग मूळ काचेसारखं लागायला लागलं. "झालं," ती म्हणाली, आणि कौतुकाने त्याच्या गालावर चापट मारली.

म्हणून आज तिचा हिशोब सरळ होता. मूळ साफ आहे, ते मी माझ्या बोटाने पाहिलंय. तरी पू येतो. मग आत घाण जाते कुठून? धुरातून. दुसरा कोण आरोपी? आणि पिपाणी पूर्वी दिवसाला पाकीट ओढायचा, ही काही लपलेली गोष्ट नव्हती.

"आता हिरडी उघडावी लागेल," ती म्हणाली. "कापून, बाजूला करून, आतलं डोळ्यांनी बघून. पण सिगारेट चालू असेल तर जखम भरत नाही. होता तो दातही जाईल. म्हणून आधी खरं बोल, महिनाभर धूर बंद कर, मग मी कात्री हातात घेईन."

"अगं पण मी ओढतच नाही, तर बंद काय करू?"

"मग पू काय आकाशातून पडला?"

"तू डॉक्टर आहेस. तू सांग."

हे ऐकून ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती हातमोजे काढून कचऱ्याच्या डब्यात आपटत म्हणाली, "खोटं बोलणाऱ्याच्या तोंडात मी हात घालत नाही." मदतनीस मावशी ट्रे उचलता उचलता जागच्या जागी थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांनी ताईंचा असा आवाज ऐकला नव्हता.

इथवर ठीक होतं. भाऊबहिणीत काय भांडणं होत नाहीत? पण ताईने त्या संध्याकाळी आईला फोन केला. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे तीही फोनवर चार घरांना ऐकू जाईल असं बोलते. ताईने तिला सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "तूच बोल त्याच्याशी. मी सांगून पालथ्या घड्यावर पाणी." आईचा घाव जुना होता. नवऱ्याचे दात ऐन चाळिशीत गेलेले तिने पाहिले होते. तो मरेपर्यंत विडी ओढत राहिला आणि मरेपर्यंत नाही म्हणत राहिला. खाण तशी माती, असं तिने एकदा मनात घेतलं ते घेतलंच. मग रोज पिपाणीला फोन. आधी समजावणं, मग रडणं, मग नुसतं फोन धरून गप्प बसणं. मुलगी डॉक्टर आहे, तिला काय कळत नाही? तिचं चुकेल कसं?

पिपाणी तालमीला जात होता. ओठाच्या आत कापसाची घडी ठेवून वाजवत होता. डावा दात आता जिभेने ढकलला तरी हलायचा. वरचा सूर फुटला की मास्तर मान वर करायचे नाहीत. नेमकं तेच त्याला सहन होत नव्हतं. दर आठवड्याला तो ताईला फोन करून विचारायचा, "उघडतेस का?" आणि ताई विचारायची, "खरं बोलतोस का?" एकीला वाटत होतं, हा हट्टी आहे. दुसऱ्याला वाटत होतं, आपण बुडतोय आणि काठावर उभं राहून ही पोहण्याचे नियम सांगतेय. असे आठवडे गेले. हाड काही कोणाच्या हट्टासाठी थांबत नाही.

मग एका सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच तो जिन्यात बसलेला दिसला. वाद्याची पेटी मांडीवर. दाढी वाढलेली.

"ओढतो मी," तो म्हणाला. "चोरून ओढतो. रात्री गच्चीवर जाऊन. काल आईजवळही कबूल केलं. आजपासून बंद. आता उघड बाई, पाया पडतो तुझ्या."

ताईच्या छातीवरचा दगड उतरला. खोटं कशाला बोलायचं, तिला आधी बरंच वाटलं. आपलं बोट चुकलं नव्हतं. मग तिला त्याची दया आली, त्याच्या केसातून हात फिरवून ती म्हणाली, "आधीच बोलला असतास तर एवढं ताणलं नसतं रे, वेड्या." महिनाभर थांबायचं तिने सोडून दिलं. दात ज्या तऱ्हेने हलत होता ते बघता महिना परवडणारा नव्हता.

दोन दिवसांनी तिने हिरडी उघडली.

निळ्या कापडाच्या भोकातून फक्त तोंड दिसत होतं. भूल चढली होती. मावशींच्या हातात रक्त ओढणारी नळी. ताईने दातांच्या कडेने बारीक पातं फिरवलं आणि पाकिटाची झडप उचलावी तशी हिरडी मुळावरून उचलली. मावशींनी दिवा खाली ओढला.

मुळावर कीटण होतं. उरलंसुरलं नव्हे. अर्ध्याहून अधिक मूळ काळपट तपकिरी थराखाली होतं, आणि तो थर चकाकत होता. हात न लागलेलं कीटण असं कधीच दिसत नाही, ते खवल्याखवल्याचं आणि ओबडधोबड असतं. हे पॉलिश केलेलं होतं. अंगठीतला खडा असावा इतकं सफाईने पॉलिश केलेलं.

ताईला समजायला वेळ लागला नाही. डेंटल कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना ती स्वतःच हे शिकवायची. धार असेल तर हत्यार कीटण काढतं. धार गेलेली असेल तर ते कीटण घोटतं. घोटलेलं कीटण बोटाला मुळासारखंच लागतं, आणि बोट बेधडक सांगतं, साफ झालं. तिने ट्रेमधलं खुरपं उचललं आणि धार बघायच्या प्लास्टिकच्या कांडीवर टेकवलं. धारदार पातं कांडीला चावतं. खुरपं घसरलं. तिने पुन्हा टेकवलं, जोर दिला. पुन्हा घसरलं. पातं इतकं बारीक झालं होतं की अजून एकदा दगडावर घासलं तर हिरडीत तुटून बसेल, या भीतीने तिने कधीपासून त्याला धार लावलीच नव्हती. टाकूनही दिलं नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या तोंडात तिने असलं हत्यार घातलं नसतं. भावाला दुखू नये म्हणून तिने ते जपून ठेवलं होतं, आणि त्याच मायेने तासन्‌तास त्याचा रोग घोटून गुळगुळीत केला होता.

तिने नवं हत्यार घेतलं. पहिल्याच ओढीला कर्र आवाज झाला आणि काळी कपची सुटून मावशींच्या नळीत खडखडली. दुसरी सुटली. तिसरी. कापडाखालून पिपाणीने हात वर केला. तिने हत्यार बाहेर काढलं.

"आज आवाज वेगळा आहे," तो जड जिभेने म्हणाला. "मागच्या वेळी नुसतं सरकत होतं."

"हो."

"मला वाटलं, तसंच असतं."

मावशींनी मान खाली घातली. ताईला त्या क्षणी काय काय सुचलं नाही! गप्प बसता आलं असतं. मूळ साफ करायचं, हिरडी शिवायची, आणि बघ सिगारेटने काय केलं म्हणून मोकळं व्हायचं. कोण आडवं येणार होतं? आरोपीने गुन्हा कबूल केलेला होता. तिने तोंडावरचा मास्क खाली ओढला, कारण मास्कमागून तिला बोलता येईना.

"तू ओढत नव्हतास," ती म्हणाली.

कापड हललं नाही.

"कीटण तसंच राहिलं होतं. माझं हत्यार बोथट होतं. मी चुकले. पू त्याचाच येत होता, सगळं त्याचंच होतं. तू काही केलं नव्हतंस." मग तिला राहवेना. "अरे, मग तू हो का म्हणालास?"

पिपाणीने कापड स्वतःच्या हाताने डोळ्यांवरून सरकवलं. उघड्या हिरडीचं तोंड, त्यावर ते डोळे. ताईने आयुष्यात हजारो तोंडं पाहिली होती, पण तिला खाली बघावं लागलं.

"हो म्हटल्याशिवाय तू हात लावणार नव्हतीस," तो म्हणाला. "आणि आई रडायची थांबत नव्हती. काय करू? दात हलत होता ना माझा."

  तिने खाली मान घालून उरलेलं कीटण काढलं, अगदी शेवटच्या कणापर्यंत. मूळ पांढरं निघालं. उजव्या दाताला निम्मं हाड शिल्लक होतं. डाव्याच्या पुढच्या बाजूला काहीच नव्हतं. तिने बोटात धरून तो हलवला, तर तो बाजूला हललाच, पण वरखालीही झाला. वरखाली हलणाऱ्या दाताचं पुढे काय होतं हे तिला कोणी सांगायला नको होतं. खुरप्याच्या त्या दुपारी तो वाचला असता. कदाचित त्या पहिल्या भांडणाच्या दिवशीही वाचला असता.

"वाचेल?" त्याने विचारलं.

"उजवा वाचेल."

"डावा?"

"नाही रे."

दात नवा बसवता येतो. ताईने असे किती तरी बसवले होते आणि लोक त्या दातांनी हसत होते. पण हाड भरायचं, ते धरायची वाट बघायची, मग दात, मग त्या परक्या दातावर ओठाला सगळं पहिल्यापासून शिकवायचं. काहींच्या ओठाला ते कधीच जमत नाही. आणि मास्तर रिकाम्या खुर्चीशेजारी हंगाम काढत नाहीत. हे सगळं दोघांनाही माहीत होतं, म्हणून कोणी कोणाला समजावलं नाही.

"आत्ताच काढते," ती शेवटी म्हणाली. "भूल आहे तोवर. पुन्हा सुई नको, पुन्हा दुखणं नको."

"तू नको."

"अरे पण..."

"टाके घाल. दात मी दुसऱ्या कोणाकडून काढून घेईन." त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता दमलेला होता. "टाकेही तिकडेच काढेन. तू नको, ताई."

तिने टाके घातले. जाणाऱ्या दाताभोवती तिने आयुष्यातले सगळ्यात नेटके टाके घातले, एकेक गाठ दोनदा तपासून. मावशी दोरा कापत होत्या आणि मध्येच पदराने डोळे टिपत होत्या. पिपाणी छताकडे बघत राहिला.

उठल्यावर तो बेसिनपाशी गेला. बधिर ओठातून पाणी हनुवटीवर ओघळलं. आरशात न बघता त्याने तोंड पुसलं.

"आईला सांग," तो म्हणाला. "मी सांगून तिला पटायचं नाही. तुझ्यावर तिचा विश्वास आहे."

ताईने लगेच फोन लावला. त्याच्यासमोरच लावायला हवा, असं तिला वाटलं. पलीकडून आईचा आवाज खोलीभर आला, "झालं का गं? बरा आहे ना तो? मी म्हटलंच होतं, एकदा कबूल केलं की निम्मं दुखणं तिथेच जातं."

"आई, ऐक. त्याने काही केलं नव्हतं. त्याने सिगारेट कधीच सोडली होती. चूक माझी आहे. माझ्या हत्याराला धार नव्हती. मी त्याच्यावर उगाच आळ घेतला, तुलाही उगाच त्याच्यावर सोडलं. त्याचा दात माझ्यामुळे गेला, आई."

 पिपाणी दाराशी थांबला होता. त्याची मान फोनकडे वळली होती, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काही तरी आशेसारखं होतं.

"पुरे झालं," आई म्हणाली. आवाज मायेने भरून आला होता. "काचा त्याने फोडायच्या आणि मार तू खायचा, लहानपणापासूनचं आहे हे. किती पाठीशी घालशील त्याला? अगं, त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय माझ्याजवळ."

"आई, मी खरं सांगतेय."

"तू चुकायची नाहीस गं बाई. मी ओळखत नाही का तुला?"

पिपाणी हसला. टाक्यांमुळे ते अर्धंच उमटलं. त्याने भिंतीशी ठेवलेली वाद्याची पेटी उचलली, ओठावर रुमाल दाबला आणि तो जिना उतरून गेला. फोनवर आई अजून ताईची समजूत काढत होती.